नागवेलीची सैल गाठ

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा साप माणसांशी बोलायचे आणि माणसंही हातातलं काम जरा बाजूला ठेवून ऐकायची. पुढे साप गप्प झाले की आपल्यालाच ऐकायला सवड उरली नाही, ते मला विचारू नका. मी गोष्ट सांगणारा, न्याय करणारा नव्हे.

एका ओढ्याच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात पानमळे होते. पानमळा म्हणजे विड्याच्या पानांची बाग. पांगाऱ्याची झाडं ओळीने लावायची आणि त्यांच्या अंगावर नागवेल चढवायची. वेल आपली आपण चढते असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही पानमळा पाहिलेला नाही. नागवेल मोठी लाडावलेली. आठवड्याला वीतभर वाढते, आणि वाढली की तिला केळीच्या खोडावरच्या सोपटाच्या ओल्या पट्टीने झाडाशी बांधून घ्यावं लागतं. नाही बांधलं, तर शेंडा मान टाकतो आणि वेल जमिनीवर लोळायला लागते.

म्हणून त्या गावात आठवडी बाजारानंतरचा दिवस हा बांधणीचा दिवस असायचा. पुरुष पानांच्या करंड्या घेऊन दूरदूरच्या बाजारांना जायचे, ते कधी येतील याचा नेम नसायचा. मळा बायकांच्या हाती. अनवाणी पायांनी आत शिरायचं आणि ओळीने बांधत जायचं.

गावाची आणखी एक रीत होती. मळा ज्या बाईच्या हाती येई, तिला त्या दिवशी मळ्यातल्या सगळ्यात जुन्या वेलीखाली उभं करायचे. तिने दोन्ही हात वर करायचे आणि जिथे हात पोचले तिथे पांगाऱ्याला खाच करायची. त्या वेलीला म्हणायचे देववेल. मग दरवर्षी नागपंचमीला, गावच्या पंचांसमोर, तिने त्या खाचेवर देववेलीचा नवा शेंडा बांधायचा. पायाखाली पाट नाही, दगड नाही, शिडी नाही. पाय जमिनीवर, गाठ खाचेवर. जिला हे जमणार नाही, तिच्या घरचा मळा पंच दुसऱ्या घराला देऊन टाकत. जिचा हात वेलीपर्यंत पोचत नाही तिच्या हाती वेल कशाला, असं त्यांचं म्हणणं. रीत कडक होती खरी, पण ती होती.

तर अशा गावात केसर नावाची एक बाई होती. सगळ्यात देखणा मळा तिचा. तिच्या वेली कशा सरळसोट उभ्या, एकही फांदी इकडे नाही की तिकडे नाही. शेजारच्या गावचे लोक बाजाराला आले की वाट वाकडी करून तिचा मळा बघून जायचे.

बाकी केसरचं काय विचारता? तिचं बाकी काही नव्हतंच. भाकरी उभ्याने खायची, एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात पट्टी. कुणी म्हणालं, “बस की घटकाभर,” तर म्हणायची, “वेली बसतात का?” तरुणपणी ती ओव्या म्हणायची, ते आता तिलाही आठवत नव्हतं. बाजाराला जायची ती डोक्यावर करंडी घेऊन धावत, आणि यायची तीही धावतच.

धाकटी जाऊ होती, हौसा. एकाच अंगणात राहायच्या, पण चुली दोन. त्यालाही कारण मळाच. हौसा नवी नवी आली तेव्हा तिने हौसेने एक ओळ बांधली होती. केसरने चार बायकांदेखत ती ओळ सोडली, पुन्हा घट्ट आवळून बांधली आणि म्हणाली, “ही गाठ आहे की झोपाळा?” बायका हसल्या. हातातल्या पट्ट्या खाली ठेवून हौसा घरी गेली आणि पुन्हा तिने मळ्यात पाऊल टाकलं नाही. तेव्हापासून दोघींत अबोला होता.

एका हिवाळ्यात केसरला उजवा हात मागे नेऊन लुगड्याचा कासोटा खोचता येईना. तिने लक्ष दिलं नाही. मग वेणी घालताना खांद्यातून कळ निघायला लागली. तिने वेणी सोडून अंबाडा घालायला सुरुवात केली. असं करता करता थंडी सरली आणि एके दिवशी तिच्या लक्षात आलं, की हात कानाच्या वर जातच नाही. अर्ध्यात येतो आणि दाराला अडसर लागावा तसा अडतो.

केसर मळ्यात गेली. देववेलीखाली उभी राहिली आणि तिने खाचेकडे पाहिलं. डावा हात पोचला. उजवा खांद्याच्या जरासा वर जाऊन थांबला. आणि एका हाताने का कुठे गाठ मारता येते? नागपंचमीला अजून अवकाश होता, पण मळा हातचा जाताना केसरला आत्ताच दिसला. तिच्यानंतर घरात गाठ मारणारं दुसरं कुणी नव्हतं, कारण दुसऱ्या कुणाला तिने गाठ मारू दिलीच नव्हती.

ती वैद्यबुवांकडे गेली. वैद्यबुवांनी खांदा दाबला, हात फिरवून पाहिला आणि विचारलं, “जेवतेस कशी?”

“तोंडाने,” केसर म्हणाली.

“झोप?”

“लागली तर लागते.”

“पोटभर हसली होतीस त्याला किती दिवस झाले?”

“बुवा, मी खांदा दाखवायला आलेय.”

“खांदा एकटा चालत आला नाही ना माझ्याकडे,” बुवा म्हणाले. “त्याच्याबरोबर जे जे आलंय ते मला बघू दे.” मग त्यांनी सगळं सांगितलं. बसून जेव. डोक्यावर ओझं न घेता चाल. हात रोज थोडा वर ने. खांद्याला मागून कोमट तेल चोळून घे. घरात कुणाशी बोल, हस. सांगताना त्यांनी काही हातचं राखलं नाही. फक्त हे सगळं एका माणसाने करायचं कसं, एवढं सांगायचं राहिलं. शहाण्या माणसांची ती जुनी खोड आहे.

“मागून तेल लावायला घरी कुणी आहे का?” बुवांनी निघताना विचारलं.

“माझं मी लावीन,” केसर म्हणाली.

बुवांनी फक्त तिच्या हाताकडे पाहिलं.

केसर तिथून तडक मळ्यात आली. ऊन चढत होतं. बांधाच्या दगडांत तिला काहीतरी सळसळताना दिसलं, म्हणून ती वाकली. मळ्यातला जुना नाग दगडांच्या फटीतून अंग घासत पुढे सरकत होता, आणि त्याच्या मागे त्याचंच जुनं कातडं उलटं होत मागे राहत होतं. नाकापासून शेपटीपर्यंत, कुठे न फाटता. शेवटचं टोक सुटलं आणि नाग ओल्या काळ्या रेशमासारखा उन्हात आला.

“काय बघतेस बाई?” नाग म्हणाला. “टक लावून बघायला माझं लग्न लागलेलं नाही.”

“नागोबा, याला किती वेळ लागला?”

“काल डोळ्यांपुढे धुरकट दिसत होतं, जीव वैतागला होता. आज उठलो, अंग घासलं, झालं.”

“आणि आता?”

“आता नवा.”

केसरने ती कात उचलली. हाताला कागदासारखी लागली. डोळ्यांची दोन गोल झाकणंसुद्धा तिच्यात होती. तिच्या मनात आलं, काय नशीबवान जनावर आहे. एका सकाळी सगळं जुनं दगडांत टाकून मोकळं व्हायचं.

“मला शिकव,” ती म्हणाली.

नागाने फणा एका बाजूला कलता केला. त्याला खरोखर नवल वाटलं होतं. “तुला कात आहे का?”

“तशी नाही. पण जुनं टाकायचं आहे ते पुष्कळ आहे.”

“मग एखादा चांगला खडबडीत दगड बघ,” नाग म्हणाला आणि उंदराच्या मागावर निघून गेला. त्याचं एवढंच ज्ञान होतं आणि ते त्याने प्रामाणिकपणे दिलं.

केसरने ठरवलं, पुढच्या बाजारानंतरच्या दिवशी बांधणी नाही. तो दिवस आपला. वैद्यबुवांनी सांगितलं ते सगळं त्या एका दिवसात करून टाकायचं, जुनी केसर संध्याकाळपर्यंत बांधावर टाकायची आणि दुसऱ्या दिवसापासून नवी.

हसू नका. तुम्हीही कधीतरी एका सोमवारपासून नवे झालेले आहात.

तो दिवस उजाडला. केसरने पहाटे अंघोळ केली. टेकडीवरच्या देवळापर्यंत एका दमात चढून गेली आणि उतरली, तेव्हा पोटऱ्या लटलटत होत्या. मग पुरण शिजत घातलं, कारण बसून जेवायचं तर चांगलंचुंगलं जेवावं. पुरण शिजेपर्यंत ती मळ्यात गेली, पांगाऱ्याची एक वाकलेली फांदी दोन्ही हातांनी धरली आणि तिला लोंबकळली. हात वर जात नाही म्हणतोस काय, आता जाशीलच. खांद्यात काहीतरी फाटल्यासारखं झालं. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण तिने दात आवळले आणि त्याच हाताने घाम पुसत ती घरी आली.

एक काम राहिलं होतं. तिने पेटीतलं नवं लुगडं काढलं आणि अंगण ओलांडून हौसाच्या दारात गेली. हौसा दाणे निवडत होती.

“हौसा, झालं गेलं विसर,” केसर म्हणाली. “हे लुगडं घे आणि जेवायला चल. आज मला हे भांडण संपवायचंच आहे.”

हौसाने लुगड्याकडे पाहिलं, मग केसरकडे पाहिलं. “आक्का, तुम्हाला आज संपवायचंय,” ती म्हणाली. “मला विचारलंत का, माझं कधी संपणार आहे ते?” आणि तिने सूप हलवायला सुरुवात केली.

केसर परत आली तेव्हा पुरण खाली लागलं होतं. ती उभ्यानेच दोन घास खाऊन आडवी झाली. दुसऱ्या दिवशी तिला उठवेना. पोटऱ्या दगड झाल्या होत्या आणि उजवा हात आता खांद्यापर्यंतसुद्धा जाईना. चार घासांसाठी डावा हात वापरायची पाळी आली. तिला रडू कोसळलं. ती एकटीच होती, म्हणून ती मनसोक्त रडली.

केसर अंथरुणातून उठून मळ्यात आली तोवर बांधणीचे दोन-तीन दिवस हुकले होते. वेली नुसत्या पसरल्या होत्या. शेंड्यांनी माना टाकल्या होत्या, काही जमिनीवर आडव्या पडून तिथेच जून होत चालल्या होत्या. तिच्या देखण्या मळ्याची अशी कळा याआधी कुणी पाहिली नव्हती. तिने खाली बसून पहिली वेल उचलली. उजवा हात कामाचा नव्हता, म्हणून डाव्या हाताने आणि दातांनी पट्टी धरून ती बांधायला लागली.

नाग बांधावर ऊन खात पडला होता. त्याला हात नव्हते, म्हणून गाठ या गोष्टीचं त्याला जन्मापासून कुतूहल होतं. तो जवळ सरकला.

“बाई, ही वेल मागे तिथे वर होती ना?”

“होती.”

“मग इथे एवढीशी वर का बांधतेस? उचल आणि लाव की जागेवर.”

“मोडेल ना बाबा,” केसर म्हणाली. “आडवी पडून ताठलीय ती. एकदम उचलली तर पेरातच तुटेल.”

“मग काय करतात?”

“या आठवड्याला एवढीच उचलायची, जिथे ती आपणहून येते तिथपर्यंत. एक गाठ मारायची आणि सोडून द्यायचं. पुढच्या आठवड्याला ती थोडी वळलेली असते, मग आणखी थोडी वर.”

“आणि मधले दिवस?”

“मधले दिवस तिची ती वाढते.”

“गाठ एकच?”

“एका वेळेला एकच.”

नागाने जीभ बाहेर काढून पट्टीचा वास घेतला. “आज आपल्याला काही झालं, हे वेलीला कळतं का?”

“छे. आज एवढासा तर फरक. तिला काय कळणार.” केसर बोलता बोलता थांबली. तिने आपल्या मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

“काय झालं?” नागाने विचारलं.

“काही नाही,” केसर म्हणाली. “आयुष्य गेलं गाठी मारण्यात, आणि मी दगड शोधत बसले.”

नागाला यातलं काही समजलं नाही, पण समजलं नाही की तो विचारत राहायचा, ही त्याची चांगली सवय होती. “मग आता?”

“आता जेवते,” ती म्हणाली. आणि मळ्यातच, पांगाऱ्याच्या सावलीत, मांडी घालून बसली. फडक्यातली भाकरी सोडली आणि ती संपेपर्यंत उठली नाही. त्या आठवड्यात तिने एवढंच केलं. बाकीचे दिवस उभ्यानेच गेले, पण बांधणीच्या दिवशीचं जेवण बसून.

ते मुरल्यावर पुढचं. बाजारातून येताना करंडी रिकामी असायची, तरी ती डोक्यावर घेऊन धावायची. आता तिने करंडी काखेत धरली आणि ओढ्याच्या कडेकडेने, पाण्याकडे बघत, सावकाश आली. खूप वर्षांनी तिला ओढ्यात बगळे असतात हे कळलं.

मग हाताची पाळी आली. भिंतीशी उभं राहून बोटं भिंतीवरून वर चालवायची आणि जिथे दुखायला लागेल तिथे थांबायचं. तिथे कोळशाने एक रेघ. पुढच्या बांधणीच्या दिवशी रेघ जराशी वर गेली तर ठीक, नाही गेली तरी ठीक. कधी नाहीच गेली. कधी पाहुणे आले आणि सगळंच राहून गेलं. पूर्वीची केसर असती तर म्हणाली असती, मोडलं एकदाचं, सोडून द्या. आता ती म्हणायची, गाठ सुटली तर वेल कुणी उपटत नाही, पुढच्या खेपेला पुन्हा बांधतात.

मळ्यातही एक गंमत झाली. डाव्या हाताने आणि दातांनी तिला पूर्वीसारखं आवळता यायचं नाही. गाठी सैल बसायच्या, आत बोट जाईल इतक्या. तिला त्यांची लाजच वाटायची. पण त्या वेली तजेलदार दिसायला लागल्या. तिच्या घट्ट गाठींपाशी दरवर्षी थोडी पानं पिवळी पडायची, आणि ती म्हणायची, पडायचीच. या वर्षी पडली नाहीत. केसर एका गाठीत बोट घालून उभी राहिली आणि तिला आठवलं, अशा गाठी आपण कुठे पाहिल्या होत्या ते.

त्या दिवशी ती रिकामी वाटी घेऊन हौसाच्या दारात गेली. “विरजण आहे का गं थोडं?”

हौसाने काही न बोलता वाटीत विरजण घातलं. विरजणाला कुणी नाही म्हणत नाही. केसरही काही न बोलता परतली. पुढच्या आठवड्यात तिचं विरजण पुन्हा संपलं, आणि त्याच्या पुढच्याही. एवढं विरजण कुणाचं संपतं, हे हौसाला कळत नव्हतं असं नाही.

एकदा वाटी पुढे करता करता केसर म्हणाली, “हौसा, तुझ्या गाठी बरोबर होत्या.”

“कुठल्या गाठी?” हौसा म्हणाली. पण तिला ठाऊक होतं.

“त्या ओळीच्या. मी सोडल्या त्या. वेलीला जागा लागते. मला आत्ता कळलं. चार बायकांदेखत बोलले, ते चार बायकांदेखतच परत घेईन.”

हौसाने तिच्या हातातल्या वाटीकडे पाहिलं. मग म्हणाली, “वाटी डाव्या हातात का धरता हल्ली?”

केसरने सांगितलं. मळ्याचं काय होणार तेही सांगितलं. त्या दिवशी ती विरजण न घेताच परत आली, पण पुढच्या बांधणीच्या दिवशी हौसा स्वतः कोमट तेलाची वाटी घेऊन आली. “बसा, आक्का,” ती म्हणाली. “आणि मध्ये बोलू नका, मला सवय नाही.”

तिने पाठीमागे, जिथे माणसाचा स्वतःचा हात कधीच पोचत नाही तिथे, तेल चोळलं. खांदा कडकडला. केसर कळवळली आणि म्हणाली, “हा हात आहे की वरवंटा?” आणि बोलल्याबरोबर तिने जीभ चावली. पण हौसा हसत सुटली. मग केसरही हसली. इतकी हसली की खांदा दुखला. तेव्हापासून दर बांधणीला तेल, आणि तेलानंतर हौसा मळ्यात यायची, आपल्या हाताने एक ओळ बांधायची. सैल. बांधता बांधता एकदा केसरच्या तोंडून एक ओवी आली, अर्धीच. उरलेली पुढच्या आठवड्यात आठवली.

होता होता श्रावण आला. नागपंचमीच्या सकाळी गावाने मळ्यात गर्दी केली. पाटीलबाबा आणि पंच पांगाऱ्यासमोर उभे राहिले. केसरचा हात गेलाय ही बातमी गावात फिरलेलीच होती. मळा कुणाला मिळणार याची कुजबुजही सुरू होती, आणि काहींनी तर मनातल्या मनात वेली मोजून ठेवल्या होत्या.

केसर अनवाणी देववेलीखाली आली. तिने ओली पट्टी डाव्या हातात घेतली आणि दोन्ही हात वर केले. डावा खाचेवर पोचला. उजवा वर जात राहिला. कानापर्यंत गेला, कानाच्या वर गेला, भिंतीवरच्या शेवटच्या रेघेच्याही वर गेला. आणि मग तो थांबला. खाचेच्या दोन बोटं खाली.

तिने श्वास घेतला आणि पुन्हा प्रयत्न केला. दोन बोटं. खांदा जेवढं देणार होता तेवढं त्याने दिलं होतं. गर्दीत हौसाने पदराचं टोक तोंडात धरलं. केसरच्या मनात आलं, ओढावा का जोर लावून? एक हिसका, एवढंच तर हवंय. मग तिला ती फांदी आठवली. तिने हिसका दिला नाही.

तिने टाचा उचलल्या.

हे तिने ठरवून केलं नाही. बाजारातून येताना ओढ्यातले बगळे बघायला ती काठावर चवड्यांवर उभी राहायची, तशी उभी राहिली. पोटऱ्या, ज्या त्या एका दिवशी लटलटल्या होत्या, आता निवांत तिला पेलून उभ्या राहिल्या. दोन बोटं भरली. उजव्या हाताला खाच लागली. केसरने घाई न करता शेंडा झाडाशी धरला, पट्टी फिरवली आणि गाठ मारली. मग गाठीत बोट घालून पाहिलं.

“टाचा उचलल्या,” गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

पाटीलबाबा खाली वाकले. त्यांनी केसरचे पाय पाहिले, पायाखालची माती पाहिली. “पाय जमिनीवर, गाठ खाचेवर,” ते म्हणाले. “रीत एवढंच म्हणते. मळा केसरचा.”

केसरने हात खाली घेतले, पण ती जागची हलली नाही. जमलेल्या बायकांकडे वळून म्हणाली, “हौसाने बांधलेली ओळ मी एकदा तुमच्यादेखत सोडली होती. ती बरोबर होती, मी चुकले होते. आज ही गाठ बांधलीय ती तिच्या पद्धतीची.” हौसाने मान खाली घातली, पण ती रडत नव्हती, हे मी सांगून ठेवतो.

लोक गेल्यावर नाग बांधावरून खाली आला. त्याच्यासाठी ठेवलेल्या दुधाकडे त्याने नेहमीसारखं दुर्लक्ष केलं.

“बाई, गावात सगळे म्हणतायत तू नवी झालीस.”

“म्हणोत बापडे.”

नागाने बांधाच्या दगडांतून एक फेरी मारली. देववेलीच्या बुंध्याभोवती पाहिलं, पट्ट्यांच्या ढिगाखाली पाहिलं. मग तो परत आला, अगदी कोड्यात पडलेला.

“मग तुझी कात कुठेय?”

“नाहीये,” केसर म्हणाली. “काहीच मागे पडलं नाही, नागोबा. तोच खांदा आहे, तीच मी, तीच जाऊ.”

“मग नवी झालीस ती कुठल्या दिवशी?”

केसरने विचार केला. खूप विचार केला, पण तिला तो दिवस काही सापडला नाही. इतक्यात हौसाने हाक मारली, “आक्का, पानं वाढलीत,” आणि केसर जेवायला गेली. बसून जेवायला.

पुढे पुष्कळ वर्षांनी तो मळा हौसाच्या हाती आला आणि त्या पांगाऱ्याला दुसरी खाच पडली. गावातल्या सगळ्या बायका आता सैल गाठ मारतात. गाठ मारली की आत बोट घालून बघतात, का ते त्यांना विचारलं तर सांगता येत नाही.

तात्पर्य एवढंच: माणसाला सापासारखी एका दिवसात कात टाकता येत नाही, त्याने वेलीसारखं वाढावं, दर आठवड्याला एकच गाठ, आणि तीही सैल.